हप्ता राहून गेला की मी भरला नाही?

पत्र: मी ३६ वर्षांचा आहे. वडील माझ्याकडे असतात, धाकटा भाऊ दुसऱ्या गावी. वडिलांच्या आरोग्य विम्याचं मी पाहायचं आणि औषधपाण्याचं भावाने, असं आमचं ठरलं होतं. गेल्या वर्षी विम्याचा हप्ता भरायचा राहून गेला. बँकेने जुनं कार्ड बदललं, त्यामुळे त्यावरून आपोआप जाणारे पैसे थांबले. एजंटाने फोन केला नाही. मेल आला होता, पण तेव्हा ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पॉलिसी बंद पडली आणि दोन महिन्यांनी वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन करावं लागलं. भावाने घरासाठी साठवलेली रक्कम त्यात गेली. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. शेवटचं बोलला ते एवढंच, "दादा, आयुष्यात एकदा तरी 'माझं चुकलं' म्हण." माझ्या बाबतीत नेहमी असंच होतं. वडिलांनी हवं ते शिकू दिलं नाही, पहिली नोकरी साहेबामुळे सुटली, दुसरी कंपनीने आख्खा विभागच बंद केला म्हणून गेली, आताच्या ठिकाणी पुढे येऊ देत नाहीत. बायको म्हणते, मुलगीही आता तुमच्यासारखंच बोलायला लागली आहे. परिस्थितीच तशी होती, हे भावाला कसं पटवून देऊ?
– एक वाचक

सप्रेम नमस्कार,

पटवून देण्याच्या कामात माझी मदत होणार नाही, हे आधीच सांगून टाकते. तुमच्या भावाला परिस्थिती कळलेली नाही असं मला वाटत नाही. कार्ड, एजंट, मेल, ऑफिस ही सगळी यादी त्याने तुमच्या तोंडून माझ्या आधी ऐकली असणार, बहुधा हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभं राहून. त्याला माहिती कमी पडलेली नाही. त्याने एक वाक्य मागितलं होतं आणि ते त्याला अजून मिळालेलं नाही.

तुमचं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं ते हातात पेन्सिल घेऊन, क्रियापदांखाली रेघा मारत. हप्ता राहून गेला. पैसे थांबले. पॉलिसी बंद पडली. ऑपरेशन करावं लागलं. रक्कम गेली. नोकरी सुटली. यात काही करणारं माणूस कुठेच नाही. हप्ता जणू आपल्या पायांनी दारापर्यंत आला, कुलूप बघितलं आणि परत गेला. 'मी' भेटतो तो पहिल्या ओळींत: मी ३६ वर्षांचा आहे, विम्याचं मी पाहायचं. त्यानंतर जो नाहीसा होतो, तो थेट शेवटी भावाला पटवून द्यायची वेळ आल्यावर उगवतो.

मराठीत ही सोय फार आहे. कप फुटतो, आपण फोडत नाही. वेळ निघून जाते, तोंडातून शब्द जातो, निरोप द्यायचा राहतो. भाषेला नावं ठेवत नाही मी. खापर फोडायचं तीच एक राहिली होती, तिला तरी सोडू या. काही गोष्टी खरोखरच आपोआप घडतात आणि त्या सांगायला अशी क्रियापदं लागतातच. स्पॅनिशमध्येही हीच सोय आहे. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की या दोन संशोधकांनी २०११ मध्ये तिच्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना छोटे व्हिडिओ दाखवले. एकात माणूस मुद्दाम फुगा फोडतो, दुसऱ्यात त्याच्या हातून तो चुकून फुटतो. मुद्दाम फोडलेल्या फुग्याबद्दल दोघंही सारखंच बोलले, 'त्याने फोडला'. चुकून फुटलेल्याचं वर्णन स्पॅनिश बोलणाऱ्यांनी जास्त वेळा 'फुगा फुटला' असं केलं. नंतर विचारलं, तर अशा प्रसंगांत फोडणारा कोण होता हेही त्यांना इंग्रजीवाल्यांपेक्षा कमी आठवलं.

म्हणून तुम्ही मला खोटं लिहून कळवलंत असं मी म्हणणार नाही. वर्षभर 'राहून गेला, राहून गेला' म्हटल्यावर तो हप्ता आता तुम्हाला तसाच आठवत असेल. अगदी प्रामाणिकपणे.

पण पत्रात एक वाक्य आहे, तिथे माझी पेन्सिल थांबली. 'मेल आला होता, पण.'

या 'पण'च्या अलीकडे काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी अंदाज करते, चुकला तर सोडून द्या. फोनच्या पडद्यावर विमा कंपनीचं नाव दिसलं. नूतनीकरण, मुदत, असे काही शब्द होते. तुम्ही तो उघडला, दोन ओळी वाचल्या, नवं कार्ड जोडायचं म्हणजे पासवर्ड शोधायचा, मग ओटीपी, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं गेली. संध्याकाळी बघू. आणि विसरायला नको म्हणून वाचलेला मेल पुन्हा 'न वाचलेला' करून ठेवला. ही युक्ती मीही करते. त्याने मेल जाड अक्षरात दिसत राहतो आणि काम केल्याचं समाधान फुकट मिळतं. दोन-चार दिवसांत त्याच्यावर वीस नवे मेल येऊन बसतात. मुदत टळल्यावरही सहसा काही दिवसांची सवलत असते, तेव्हा आणखी एखादी आठवण आलीच असेल. तीही जाड अक्षरात पडून राहिली असेल.

बँकेने कार्ड बदललं ही परिस्थिती. एजंटाने फोन केला नाही ही त्याची कसूर, आणि तुम्ही त्याला चार शब्द सुनावले असतील तर योग्यच केलंत. ऑफिसातलं काम खरं होतं, यावरही माझा विश्वास आहे. या तीनही गोष्टी खऱ्या आहेत आणि तरीही तो मेल तुमच्या हातात होता. तुम्ही पत्र असं लिहिलंय की पहिल्या तीन गोष्टी सिद्ध झाल्या की चौथी आपोआप रद्द होते. ती होत नाही. एजंटाचा वाटा वाढला म्हणून तुमचा कमी होत नाही, कारण हे काही शंभर टक्क्यांचं वाटप नव्हे.

टक्क्यांवरून आठवलं. मायकेल रॉस आणि फियोरे सिकोली यांनी १९७९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज केली तर बहुतेक जोडप्यांत ती पूर्णाच्या वर गेली. यात बढाई मारण्याचा भाग असेलही, पण गंमत अशी की भांडण उकरून काढण्यासारख्या नको त्या गोष्टींतही लोकांनी स्वतःचा वाटा जास्तच सांगितला. माणसाला आपण केलेलं आठवतं, दुसऱ्याने केलेलं तितकं आठवत नाही. तुमच्या घरात हे कसं चालत असेल बघा. तुम्ही रात्री दीडपर्यंत ऑफिसचं काम करत होतात, ते तुम्हाला लख्ख आठवतं. भाऊ त्या वर्षी वडिलांची औषधं वेळेवर पाठवत होता, हे तुमच्या पत्रात नाही. त्याने घर घ्यायचं पुढे ढकललं हेही नाही, फक्त 'रक्कम गेली' आहे.

आता माझी गोष्ट, म्हणजे उपदेश एकतर्फी होणार नाही. मी एका नियतकालिकात उपसंपादक होते तेव्हा एका कार्यक्रमाची तारीख चुकीची छापली गेली. (बघा, 'छापली गेली'.) लोक एक दिवस उशिरा पोचले, सभागृहाला कुलूप. फोनवर फोन. मी संपादकांसमोर डीटीपी करणाऱ्या मुलाचं नाव घेतलं. त्यानेच आकडा चुकीचा टाइप केला होता, तेव्हा तसं ते खोटं नव्हतं. तो मुलगा काही बोलला नाही. खाली गेला आणि शेवटचं प्रूफ घेऊन आला. त्यावर त्या तारखेभोवती त्यानेच पेन्सिलने गोल केला होता, बाजूला लिहिलं होतं, 'तारीख तपासणे?' आणि त्या प्रश्नचिन्हाच्या बोटभर खाली, शाईच्या पेनाने, 'छापण्यास हरकत नाही' आणि माझी सही. सही झोकदार होती, शेपटी लांबवलेली. ती शेपटी त्याच्या गोलाला जवळजवळ चिकटली होती.

मी तेव्हा काय म्हणाले माहीत आहे? "त्या दिवशी फार घाई होती." तुमच्या ऑफिसची फुरसत वाचताना मला माझी घाई ऐकू आली, म्हणून हे लिहिते आहे. त्या मुलाची माफी मी मागितली ती चार दिवसांनी. ते चार दिवस तो माझ्याशी नीट बोलत होता, काम करत होता, फक्त प्रूफावर पेन्सिलीच्या खुणा करणं त्याने बंद केलं होतं. मला काय काय सांगायचं त्याने सोडून दिलं असेल, कोण जाणे. तुमच्या भावाने बोलणं सोडलंय, तुम्हाला निदान ते कळतं तरी.

तुमच्यासारख्या माणसाला एकदा हे लागलं की तो दुसऱ्या टोकाला जातो, असंही मी पाहिलं आहे. 'सगळं माझंच चुकलं, मी नालायकच, माझ्यामुळे बाबांचा जीव जायची वेळ आली.' भावापुढे हे करू नका. ते ऐकलं की समोरच्याला तुमची समजूत काढावी लागते, म्हणजे नुकसान त्याचं आणि पाठ थोपटायची तुमची. शिवाय ते खरंही नाही. वडिलांचं हृदय तुमच्या मेलमुळे बिघडलं नाही. ऑपरेशन तसंही झालं असतं. तुमच्याकडे आहे तो खर्चाचा भाग, आणि तो पुरेसा मोठा आहे. जन्माचा काही काळ गुलामीत काढलेला ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस सांगायचा, त्याचा आशय असा: अडाणी माणूस आपल्या वाईट अवस्थेबद्दल दुसऱ्याला दोष देतो, शिकायला लागलेला स्वतःला देतो, आणि शिकून झालेला दुसऱ्यालाही देत नाही आणि स्वतःलाही नाही. दुसऱ्या पायरीवर मुक्काम करणारे लोक मला पहिल्या पायरीवरच्यांइतकेच अवघड वाटतात. स्वतःला झोडपून काम पुढे सरकतं, हाही गैरसमज आहे. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या २०१२ च्या प्रयोगांत एका चाचणीत मार खाल्लेल्यांपैकी ज्यांना स्वतःकडे जरा समजुतीने बघायला सांगितलं होतं, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला.

तर आता करायचं काय.

आधी तुमचं पत्र परत लिहा. मला पाठवू नका. फक्त विम्याचा परिच्छेद, आणि जिथे जिथे तुम्ही काही केलंत किंवा केलं नाहीत तिथे 'मी' घाला. नवं कार्ड आल्यावर ते विम्याला जोडायचं असतं, हे मी पाहिलं नाही. मेल मी उघडला आणि बाजूला ठेवला. उघडलाच नसेल तर तसं लिहा. हप्ता मी भरला नाही. बँक आणि एजंट यांची वाक्यं आहेत तशी राहू द्या, ती खोटी नाहीत. लिहिताना पोटात कसंतरी होईल, तिथे हात थांबेल. मला वाटतं, भावाला ऐकायचंय ते त्याच जागी आहे.

मग भावाकडे जा. फोनवर नको, जमत असेल तर समोर बसा. रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीची चिरफाड केली. साडेसातशेवर लोकांना वेगवेगळ्या घडणीच्या माफ्या वाचायला देऊन कोणती पटते ते विचारलं. सगळ्यात वजनदार ठरली ती 'चूक माझी होती' ही कबुली, त्याखालोखाल भरपाईची तयारी. सगळ्यात हलकी ठरली ती क्षमेची याचना. आपण नेमकं उलट करतो. 'झालं गेलं विसर, मोठ्या भावाला माफ कर' इथूनच सुरुवात. तुम्ही थोरले आहात, हे वाक्य तुमच्या तोंडात तयारच असेल, म्हणून सावध करते. ते घरीच ठेवून जा.

मी असते तर एवढंच बोलले असते: "विम्याचं माझ्याकडे होतं. मला मेल आला होता, मी तो बाजूला ठेवला. हप्ता मी भरला नाही आणि त्यामुळे तुझे घराचे पैसे गेले. माझं चुकलं." आणि गप्प. हे गप्प बसणं सगळ्यात कठीण जाईल. जीभ 'पण'कडे धावेल. 'तुला वाईट वाटलं असेल तर' हेही नको, त्याला वाईट वाटलंय हे वर्षभर दिसतंच आहे. कारणं सांगूच नयेत असं नाही. लेविकींच्या यादीत काय घडलं ते सांगण्यालाही जागा आहे, पण ती त्याने विचारल्यावर. न विचारता सांगितलं तर ती वकिली होते.

भरपाईचा आकडा मनात ठरवून जा. सगळी रक्कम एकदम देणं जमणार नाही, तुमच्या पत्रावरून तसं दिसतंच. दरमहा काय जमेल ते बायकोशी बोलून ठरवा. तिला न विचारता भावाला शब्द देऊन आलात तर पुढच्या पत्रात 'बायकोमुळे हप्ता चुकला' असं लिहाल. भाऊ नको म्हणाला तरी पहिल्या महिन्यापासून सुरू करा. तो लगेच पाघळेल अशी आशा धरू नका. वर्षभर वाट पाहिलेलं वाक्य आल्यावर माणूस कधी कधी आधी चिडतो. चिडू द्या.

आणि वडिलांच्या विम्याचं पुढे काय झालं, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू करता येते का, नवी घ्यायची तर आधीपासूनच्या आजाराला किती काळ थांबावं लागेल, हे विचारायचं काम अजून तुमचंच आहे. ते भावाकडे जाण्याआधी करा. त्याच्यासमोर बसाल तेव्हा उत्तर खिशात असू दे.

बाकीच्या तक्रारींबद्दल थोडक्यात. कंपनीने आख्खा विभाग बंद केला, ती नोकरी तुमच्यामुळे गेली नाही. ती यादीतून काढा आणि पुन्हा तिचा विचार करू नका. पहिल्या साहेबाबद्दल मला काहीच माहीत नाही, त्यामुळे मत देत नाही. वडिलांनी हवं ते शिकू दिलं नाही, हे दुखणं खरं असेल. सतरा-अठराव्या वर्षी माणसाच्या हातात फार नसतं. मात्र त्यालाही आता अठरा वर्षं झाली. त्यांतल्या किती वर्षांत ते शिकायला कोणी अडवत होतं, हे तुमचं तुम्हीच मोजा. आताच्या ऑफिसात 'पुढे येऊ देत नाहीत' याचा अर्थ मला कळलेला नाही. बढती मागितलीत आणि नाकारली, की मागितलीच नाही? दोन्हींची उत्तरं वेगळी.

एक गोष्ट इतर वाचकांसाठी. 'जबाबदारी घ्या' हे वाक्य हल्ली व्यासपीठावरून कोणालाही फेकून मारतात. मार खाणाऱ्या बाईला, पगार न मिळालेल्या कामगाराला, आजारी माणसाला. मला त्याचा राग येतो. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी १९६६ मध्ये दाखवलं होतं की विनाकारण त्रास सोसणारं माणूस डोळ्यांसमोर असेल आणि ते थांबवणं आपल्या हाती नसेल, तर बघणारे त्या माणसालाच कमी लेखू लागतात. जग न्यायाने चालतं ही समजूत मोडण्यापेक्षा त्या माणसातच खोट काढणं सोपं पडतं. हे उत्तर त्या लोकांसाठी नाही. ज्याच्या फोनमध्ये तो मेल होता, त्याच्यासाठी आहे.

आता तुमची मुलगी. तिचं वय तुम्ही लिहिलं नाही, ती नेमकं काय बोलते तेही नाही. पण बायकोने सांगितलं आणि तुम्ही ते मला कळवलंत, म्हणजे कुठेतरी लागलंय. दोष ढकलणं लागट असतं. नथॅनेल फास्ट आणि लॅरिसा टिडेन्स यांच्या २०१० च्या प्रयोगांत, एखाद्या पुढाऱ्याने आपल्या अपयशाचा दोष दुसऱ्यांवर ढकलल्याची बातमी नुसती वाचलेल्या लोकांनीही पुढे स्वतःच्या, त्या बातमीशी काही संबंध नसलेल्या अपयशाला इतरांना जास्त जबाबदार धरलं. तिथे परक्या पुढाऱ्याची एक बातमी पुरली, तुमची मुलगी तर तुमच्या घरात राहते. तिला समोर बसवून व्याख्यान देऊ नका. भावाकडे जाऊन आलात की, "काकाला काय सांगितलंस?" असं ती विचारेल. तेव्हा जे बोललात तेच, त्याच क्रियापदांत, तिला सांगा.

जाता जाता एक. तुमच्या स्वतःच्या, बायकोच्या आणि मुलीच्या विम्याची तारीख कोणती? तो हप्ताही त्याच जुन्या कार्डावरून जात होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मेल कदाचित येऊन पडला असेल.